बोलून गेलो, बोलून बसलो

कामतघरला वऱ्हाळा तलावाच्या बाजूने बाजाराकडे जाताना एक हार्डवेअरचे दुकान लागते. गेल्या वर्षी पावसाळ्यात नळाची तोटी घ्यायला मी तिथे गेलो. गल्ल्यावरचा पन्नाशीचा माणूस माझ्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "सर, ओळखलंत का? आठवी ब." मी ओळखले. भिवंडीतल्या एका मराठी शाळेत मी एकतीस वर्षे मराठी शिकवले. काही चेहरे नावासकट लक्षात राहतात, काही एखाद्या प्रसंगामुळे. हा दुसऱ्या प्रकारातला.

तोटी कागदात गुंडाळताना तो हसत म्हणाला, "तुम्ही मला बोलला होतात सर, 'शेवटी मागावरच जायचंय तुला.' बघा, मागावर नाही राहिलो. दुकान टाकलं."

मी पटकन म्हणालो, "अरे, ते तेव्हा तोंडातून निघून गेलं रे."

"चालायचंच सर," असे म्हणून त्याने सुटे पैसे मोजून हातात ठेवले आणि तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

प्रसंग १९८६ सालचा. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या मंदावल्या आणि भिवंडीत मागांची संख्या भराभर वाढली. आजच्या तेलंगणातून आलेली पद्मशाली विणकरांची अनेक कुटुंबे कामतघर-पद्मानगर भागात होती, त्यातलेच याचे घर. घरात तेलुगू, गल्लीत हिंदी-उर्दू, शाळेत मराठी. संध्याकाळी तो वडिलांबरोबर कांड्या भरायच्या कामाला जाई. त्या दिवशी वर्गात निबंध वाचताना त्याच्या प्रत्येक वाक्यात लिंगाची चूक होत होती. मी दोनदा सुधारले, तिसऱ्यांदा ते वाक्य बोललो: "राहू दे रे, शेवटी मागावरच जायचंय तुला." वर्ग हसला. तोही हसला. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो शाळेत आला नाही. माझ्या वाक्यामुळे आला नाही, असे मला म्हणता येत नाही. घरात कमावत्या हातांची गरज असणारच. वाक्यामुळे नाही, असेही म्हणता येत नाही.

दुकानातून घरी येताना मात्र माझ्या मनात दुसरेच वाक्य घोळत होते, मी नुकतेच दिलेले उत्तर. 'ते तोंडातून निघून गेलं.' यात 'ते' आहे, 'तोंड' आहे, 'निघणे' आणि 'जाणे' ही क्रियापदे आहेत. 'मी' कुठेच नाही. जन्मभर मुलांना 'वाक्यातला कर्ता ओळखा' असा प्रश्न घालणाऱ्या माणसाने स्वतःच्या वाक्यातून कर्ता काढून टाकला होता.

त्या रात्रीपासून मी एक वही घातली. विचार न करता अचानक बोलण्यासाठी मराठीत कोणकोणते शब्द आहेत आणि ते कोण कोणाबद्दल वापरतो, याच्या नोंदी त्या वहीत आहेत. मोल्सवर्थचा कोश (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश (१९३२-३८) हे दोन्ही मी अर्थात पाहिले. पण कोश शब्दाचा अर्थ सांगतो. तो शब्द माणूस स्वतःबद्दल वापरतो की दुसऱ्याबद्दल, हे कोशाचे काम नसते. त्यासाठी रिक्षा थांब्यावर, रेशनच्या रांगेत, तलावाच्या काठी आणि स्वतःच्या घरात कान उघडे ठेवावे लागले.

काय मोजायचे, काय सोडायचे

आधी विषयाची हद्द आखून घेऊ. 'चहात साखर' म्हणायच्या ऐवजी 'साखरेत चहा' म्हणणे ही शब्दांची अदलाबदल झाली. अशा चुकांचा मोठा संग्रह रुडॉल्फ मेरिंगर या भाषाशास्त्रज्ञाने कार्ल मायर या मनोविकारतज्ज्ञाबरोबर १८९५ साली प्रसिद्ध केला होता. पुढे १९०१ मध्ये फ्रॉइडने त्यातली उदाहरणे घेऊन त्यांच्यामागे दडपलेल्या इच्छा असतात, असा सिद्धान्त मांडला. त्या चुकांत म्हणायचे एक असते आणि म्हटले जाते दुसरेच.

आपला विषय याच्या शेजारचा आहे. माझ्या वाक्यात एकही शब्द चुकला नव्हता. व्याकरण शुद्ध होते. मनात होते तेच बाहेर आले. फक्त ते बाहेर यायला हवे की नको, हे कोणी तपासले नाही. डच मानसभाषाशास्त्रज्ञ विलेम लेव्हेल्ट यांनी १९८९ च्या आपल्या ग्रंथात दाखवले आहे की, माणूस सहज बोलताना सेकंदाला दोन-तीन शब्द उच्चारतो आणि तेवढ्या वेगातही उच्चारण्याआधी आतल्या आत आपले बोलणे तपासत असतो. आमच्या गावातल्या वाचकांना हे सांगायला सोपे जाते. आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबवणारी एक साधी योजना यंत्रमागावर असते. ती बिघडली तर माग चालूच राहतो आणि कापडात खोट येते. तपासणी चुकली तरी बोलणे थांबत नाही, तसेच हे.

पचकन, भसकन, फाडकन

मराठीत क्षणात घडणाऱ्या क्रियेसाठी '-कन' लावून केलेल्या शब्दांचे एक मोठे कुटुंब आहे. पटकन, झटकन, चटकन हे त्यातले सभ्य सभासद. त्यांतून नुसता वेग कळतो. बोलण्याला लावलेले बाकीचे बहुतेक शब्द दुसऱ्या कुठल्या तरी क्रियेकडून उसने आणलेले आहेत आणि त्या क्रियेचा वास त्यांना लागलेला आहे.

'पचकन' मूळचा थुंकण्याचा आवाज. पानाची पिंक पचकन टाकतात. त्यावरून 'पचकणे' हे क्रियापद: "मोठी माणसं बोलत असताना मध्येच पचकू नकोस." बोललेला शब्द थुंकीइतकाच नकोसा, असा निकाल या एका क्रियापदात आधीच लागलेला असतो. 'भसकन' मध्ये काहीतरी फाटून आतले एकदम बाहेर येते. गुपित भसकन बाहेर पडते. 'फाडकन' हा थोबाडीत मारल्याचा आवाज, म्हणून फाडकन दिलेले उत्तर समोरच्याला लागते. 'ताडकन' माणूस उठतो तसाच ताडकन बोलतो. त्यात राग आहे आणि थोडे पाणीदारपणही आहे. हाच आवाज दुहेरी झाला की अर्थ बदलतो: 'भडाभडा' ओकतात आणि भडाभडा बोलतातही. तिथे एक शब्द निसटत नाही, साठलेले सगळेच बाहेर पडते, आणि ऐकणाऱ्याला बोलणाऱ्याची थोडी कणव येते.

म्हणजे एकच वाक्य चार माणसांनी सांगितले तर एकाच्या सांगण्यात तो पचकतो, दुसऱ्याच्या सांगण्यात फाडकन बोलतो, तिसऱ्याच्या सांगण्यात भडाभडा बोलून मोकळा होतो आणि चौथ्याच्या सांगण्यात नुसता पटकन बोलतो. बोलण्यात फरक नाही, सांगणाऱ्याच्या निवाड्यात आहे.

'बरळणे' याच्या जरा बाजूला बसते. माणूस झोपेत बरळतो, तापात बरळतो. जागेपणी बोलणाऱ्याला 'काय बरळतोयस' म्हटले की तू शुद्धीवर नाहीस, असे म्हटल्यासारखे होते.

जिभेचा गुन्हा

दुसरा मोठा गट शरीराचा. जीभ घसरते, जिभेला हाड नसते, तिला लगाम घालावा लागतो. 'उचलली जीभ लावली टाळ्याला' या म्हणीत तर उच्चाराची सगळी क्रियाच सांगितली आहे. मधला विचार गाळलेला. तोंड फाटके असते, सुटते, आवरावे लागते. ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही त्याला गुपित सांगू नये, कारण तीळ भिजायला लागतो तेवढा वेळही ते आत राहत नाही. मराठीत बोलण्याचा रस्ता पोटातून सुरू होतो: गोष्ट पोटात ठेवतात, ती ओठावर येते, आणि ज्याच्या 'पोटात एक, ओठात एक' तो लबाड. हा रस्ता विनाथांबा असलेला माणूस म्हणजे फटकळ. माझ्या शेजारच्या आगरी मावशी स्वतःबद्दल अभिमानाने सांगतात, "आमचं काय ते तोंडावर, पोटात काय ठेवीत नाय." त्यांच्या सुनेला विचारले तर ती याच गोष्टीसाठी वेगळा शब्द वापरेल.

दोष शरीराला दिला की शिक्षाही शरीरालाच होते. नको ते बोलून गेल्यावर बायका चटकन जीभ चावतात. आजी म्हणायची, "शुभ बोल नाऱ्या," आणि पुढे नाऱ्याने मांडवाला आग लागल्याचे सांगितले की सगळे हसत; पण घरात कोणी खरेच अशुभ बोलले तर तिचा चेहरा उतरे. वास्तुपुरुष दिवसभर 'तथास्तु' म्हणत असतो, आपण काय बोलतो ते त्याला ऐकू जाते, असे ती मानायची.

वर्तमानपत्रांनी यातला एक वाक्प्रचार उचलून त्याचा साचा केला आहे. अमुक नेत्याची जीभ घसरली, असा मथळा आपण नेहमी वाचतो. घसरण्यात हेतू नसतो. पाय घसरलेल्या माणसाला आपण हात देतो. बोलणारा लिहून आणलेले भाषण वाचत असला आणि टाळ्या घेत असला तरी मथळ्यात जीभच घसरते. बातमी देणारा नकळत बोलणाऱ्याचा बचाव करून टाकतो.

स्वतःसाठी एक, दुसऱ्यासाठी एक

वहीची पाने भरत गेली तसे एक लक्षात आले. 'पचकणे' हे क्रियापद मला सतत ऐकू येत होते: तू पचकलास, तो पचकला, ती मध्येच पचकली. 'मी पचकलो' मात्र फार क्वचित, आणि तेही हशा मिळवण्यासाठी. 'मी बरळलो' तसेच. उलट 'तोंडातून निघून गेलं' हे मी जवळजवळ नेहमी बोलणाऱ्याच्याच तोंडून ऐकले. ज्याला तो शब्द लागला तो कधी म्हणत नाही की, 'त्याच्या तोंडातून निघून गेलं'. तो म्हणतो, 'तो मला बोलला'. वाचकांनी आपल्या घरातले शेवटचे भांडण आठवून पाहावे.

आपल्यासाठी आपण शरीराचे आणि अपघाताचे शब्द राखून ठेवतो. दुसऱ्यासाठी थुंकीचे आणि तापाचे. या दोहोंच्या मध्ये मराठीच्या व्याकरणाने एक शिडी ठेवली आहे. ही पाच वाक्ये पाहा:

मी बोललो.
मी बोलून बसलो.
मी बोलून गेलो.
माझ्याकडून बोललं गेलं.
तोंडातून निघून गेलं.

घटना एकच. पहिल्या वाक्यात 'मी' सरळ उभा आहे. 'बोलणे' हे क्रियापद इथे मदतीला येते: भूतकाळात 'मी आंबा खाल्ला' म्हणताना क्रियापद आंब्याकडे वळते, पण 'मी बोललो' मध्ये ते बोलणाऱ्यालाच धरून राहते. मो. के. दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पासून (१९११) कर्तरी-कर्मणी प्रयोगांचा हा भेद आपण शाळेत शिकत आलो. त्याचा उपयोग माफी मागताना होईल, असे मला कोणी सांगितले नव्हते.

दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्यात 'मी' कर्ता आहेच, पण जोडीला दुसरे क्रियापद आले. अशा जोडक्रियापदांवर पीटर हुक यांनी १९७४ साली हिंदीसाठी सविस्तर काम केले आहे. जोडक्रियापद मूळ घटना बदलत नाही, तिच्याकडे पाहण्याची जागा बदलते. 'बसणे' लागले की नको ते झाले आणि आता ते आपल्याला निस्तरायचे आहे, असा भाव येतो: करून बसलो, देऊन बसलो, बोलून बसलो. 'जाणे' लागले की क्रिया आपल्या हातून पुढे निघून गेलेली असते. याच घरातले 'बोलून टाकणे' अगदी वेगळे. त्यात ओझे उतरवायचा निश्चय असतो. 'बोलून दाखवणे' तर पूर्ण जाणीवपूर्वक. म्हणजे 'मी बोलून बसलो' म्हणणारा पश्चात्ताप कबूल करतो, 'मी बोलून गेलो' म्हणणारा फक्त वेग कबूल करतो.

चौथ्या वाक्यात 'मी'चा 'माझ्याकडून' झाला. पाचव्यात तोही गेला. उरले तोंड आणि एक नपुंसकलिंगी 'ते'. हिंदीत हीच शिडी आहे: कह बैठा, कह गया, मुँह से निकल गया. त्यामुळे ही मराठी माणसाची खास लबाडी आहे असे समजण्याचे कारण नाही.

कुंभकर्ण आणि कुंती

या शिडीची दोन टोके आपल्या पुराणांत आहेत. रामायणाच्या उत्तरकांडात ब्रह्मदेव कुंभकर्णाला वर द्यायला येतो. देवांच्या विनंतीवरून सरस्वती त्याच्या जिभेवर बसते आणि तो झोप मागतो. कीर्तनकार सांगतात ती इंद्रासन आणि निद्रासन यांची गंमत याच कथेतली. सरस्वती निघून गेल्यावर कुंभकर्ण भानावर येतो आणि माझ्या मुखातून हे काय वाक्य पडले, म्हणून चकित होतो; देवांनी मला भुलवले असावे, असे त्याला वाटते. शिडीचे हे पाचवे वाक्य, आणि त्याच्या बाबतीत ते खरेही होते.

आदिपर्वात पांडव द्रौपदीला घेऊन कुंभाराच्या घरी परततात. भिक्षा आणली आहे, असे ते दारातून सांगतात आणि कुंती आतून, न पाहताच, सगळ्यांनी मिळून उपभोग घ्या, असे म्हणून जाते. विचार न करता बोलण्याचे याहून मोठे उदाहरण मला ठाऊक नाही. पण बाहेर येऊन द्रौपदीला पाहिल्यावर कुंती काय करते? ती तोंडातून निघून गेले असे म्हणत नाही. द्रौपदीचा हात धरून ती युधिष्ठिराकडे जाते, आपण काय बोललो ते सांगते आणि माझे बोलणे खोटे ठरू नये आणि हिच्यावर अधर्मही येऊ नये असा मार्ग काढ, म्हणते. पुढे जे ठरले ते बरे की वाईट, यावर लोक आजही वाद घालतात. मला लक्षात ठेवावेसे वाटते ते एवढेच की, तिने वाक्य आपले मानले.

'सहसा' कसा शांत झाला

विचार न करता केलेल्या कृतीसाठी संस्कृतचा नेमका शब्द होता 'सहसा': एकाएकी, अविचाराने. भारवीच्या 'किरातार्जुनीया'च्या दुसऱ्या सर्गात युधिष्ठिर संतापलेल्या भीमाला सांगतो की कोणतीही कृती सहसा करू नये. मराठीत तोच शब्द 'बहुधा', 'शक्यतो' या अर्थाने आला: मी सहसा रागावत नाही. हे कसे घडले असावे? माझा तर्क असा की, उपदेश नेहमी नकारात असतो. 'सहसा करू नये' हे पुन्हा पुन्हा ऐकताना अविचाराचा अर्थ झिजला आणि 'शक्यतो करू नये' एवढाच उरला. 'सहसा'पासून झालेला 'साहस' हा धर्मशास्त्रात बळजबरीच्या गुन्ह्याचा प्रकार होता. मनूने सांगितलेल्या अठरा व्यवहारपदांत साहस आहे आणि कठोर बोलण्याचा गुन्हा, वाक्पारुष्य, हेही वेगळे पद आहे. आज आपण साहसाबद्दल मुलांना बक्षीस देतो. 'आततायी' उलट दिशेने हलका झाला. संस्कृतात तो घर जाळणारा, विष घालणारा, शस्त्र उगारून आलेला. मराठीत नुसता उतावळा. अविचाराच्या बाबतीत भाषा माणसासारखीच वागते, जुने गुन्हे सौम्य करत जाते.

या गावात शब्दाची किंमत

भिवंडीत राहणाऱ्याला या विषयाकडे केवळ कोशाच्या अंगाने पाहता येत नाही. मे १९७० आणि मे १९८४ या दोन दंगली या गावाने पाहिल्या. पहिल्या दंगलीची चौकशी न्यायमूर्ती मादन आयोगाने केली. दंगलींची कारणे मोठी आणि गुंतागुंतीची असतात, एका वाक्याने गाव पेटत नाही. पण तापलेल्या गावात एखादे वाक्य पुरते, हे इथल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. १९८८ नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी इथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यांत दोन्ही समाजांची साधी माणसे, मागवाले, दुकानदार, शिक्षक, एका सतरंजीवर बसत आणि गल्लीतली छोटी भांडणे तिथेच बोलून मिटवत. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली, त्यात या समित्यांचा वाटा मानला जातो. एकाने तिरमिरीत काही बोलले तर ते रस्त्यावर जाण्याआधी त्याला समोरासमोर विचारायची सोय तिथे होती: "तू हे बोललास का?" अशा प्रश्नाला 'तोंडातून निघून गेलं' हे उत्तर पुरत नाही.

कायदाही हाच भेद पाहतो. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम २९८ धार्मिक भावना दुखावणाऱ्या शब्दांबद्दल होते, पण तसे करण्याचा जाणूनबुजून धरलेला हेतू हवा, ही त्यात अट होती. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम ३०२ म्हणून आले आहे. वादाच्या भरात बोलला आणि ठरवून बोलला, यांना कायदा एका तागडीत घालत नाही. ते योग्यच आहे. पण गुन्हा ठरला नाही म्हणजे शब्द आपला नव्हता, असे होत नाही.

दुसरी बाजू

इथवर वाचून कोणाला वाटेल की विचार न करता बोलणे वाईटच. तसेही नाही. समोरच्याने प्रश्न टाकताच ज्याचे उत्तर तयार असते त्याला आपण 'हजरजबाबी' म्हणून डोक्यावर घेतो. भिवंडी हे उर्दू शायरीचे जुने ठिकाण आहे आणि उर्दूत अशा बोलण्यासाठी सुरेख शब्द आहेत. 'बेसाख्ता' म्हणजे शब्दशः न घडवलेले. मनातून आपोआप आलेली दाद बेसाख्ता असते. 'बरजस्ता' म्हणजे जागच्या जागी सुचलेले. मुशायऱ्यात बरजस्ता शेर सांगणाऱ्याला दाद मिळते, आणि तोही शायर विचार करायला थांबलेला नसतो.

मग फरक कुठे? ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसक माणसाच्या बोलण्याचे वर्णन आहे. त्यात मायेचा ओलावा आधी पोहोचतो आणि अक्षरे त्याच्या मागून येतात, असा क्रम माऊलींनी लावला आहे. तिथे बोलण्याआधी बराच वेळ विचार करावा, असा सल्ला नाही. शब्दाच्या पुढे काय चालत होते, हे महत्त्वाचे. मी त्या मुलाला बोललो तेव्हा शब्दाच्या पुढे माया नव्हती, कंटाळा होता. आणि त्याच्याही पुढे, विणकराच्या पोराला मराठी कशाला, हा मी स्वतःशीही कधी न उच्चारलेला समज होता. वाक्य अचानक आले, समज जुना होता. 'निघून गेलं' म्हणताना मी अचानकपणा कबूल करत होतो आणि समज लपवत होतो.

नोरु जारडम

दोन महिन्यांनी मी पुन्हा त्या दुकानात गेलो. या वेळी घ्यायचे काही नव्हते. आत एका स्टुलावर त्याची आई बसली होती. तिला मराठी समजते, बोलायला आवडत नाही. मी उभ्यानेच म्हणालो, "त्या दिवशी तोंडातून निघून गेलं म्हणालो, ते खरं नाही. मी तुला तसं बोललो. बोलायला नको होतं."

तो थोडा गडबडला. "सर, मी गंमतीत म्हणालो होतो," असे काहीसे पुटपुटला आणि पोऱ्याला चहा आणायला पाठवले. मग गल्ल्याच्या पट्टीवर बोट फिरवत म्हणाला, "शाळा बाबांनी सोडवली सर. तुमच्यामुळे नाही. पण मी घरी सांगितलं होतं. त्या दिवशी रात्री सांगितलं होतं."

त्याच्या आईने तेलुगूत काहीतरी म्हटले. मी विचारले. त्याने सांगितले, "आई म्हण सांगते आहे. कालु जारिते तीसुकोवच्चु, नोरु जारिते तीसुकोलेमु. पाय घसरला तर परत घेता येतो, तोंड घसरलं तर घेता येत नाही."

आपल्याकडे जीभ घसरते, त्यांच्याकडे तोंड घसरते: नोरु म्हणजे तोंड, जारडम म्हणजे घसरणे. तेलुगूने आणि मराठीने एकच चित्र काढले आहे. पण त्या म्हणीत घसरणे ही सबब नाही, ताकीद आहे. मी वही काढून ती म्हण लिहून घेतली. लिहिताना एक अक्षर चुकले, ते त्याने सुधारले.